तुर्काना पशुपालक

केनियाच्या वायव्येस, तुर्काना सरोवराच्या पश्चिमेकडील रुक्ष टापूत राहणारा समाज. उंट, गुरे, शेळ्या, मेंढ्या व गाढवे तो एकत्र पाळतो. ही सरमिसळ म्हणजेच त्याचा दुष्काळावरचा खरा विमा: गवत संपले की गुरे डोंगराकडे हाकतात, उंट-शेळ्या झाडपाल्यावर तगतात. तुर्कवेल नदीकाठचे बाभळींचे पट्टे (एक्वार) कुटुंबागणिक वाटलेले असतात. कोरड्या दिवसांत लांब काठीने शेंगा झोडून शेळ्यांपुढे टाकतात. सुगीत उरलेले दूध वाळवून त्याची भुकटी ठेवतात.

पोकोट, तोपोसा व कारामोजोंग या शेजाऱ्यांशी गुरे पळवण्यावरून जुने वैर आहे. १९७९ मध्ये ईदी अमीनची राजवट कोसळताना युगांडातील मोरोटो येथील लष्करी छावणीतली शस्त्रे लुटली गेली आणि या भागात बंदुकांचा सुळसुळाट वाढला. परिणामी सीमेलगतची चांगली कुरणे भीतीपोटी ओस पडतात. अवर्षणात हवी असतात तीही नेमकी हीच. दुष्काळाच्या झळांसाठी नुसत्या पावसाला दोष देणारी मांडणी म्हणूनच अपुरी ठरते. धोक्याच्या काळात अनेक कुटुंबे ‘अडाकार’ या मोठ्या तांड्याने, राखणीला बंदूकधारी घेऊन हिंडतात. अर्थात पावसाची ओढही खरीच: २०२० च्या अखेरीपासून येथे सलग पाच पावसाळे हुकले.