‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ : एका साहाय्यक नियमाचा इतिहास

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा आणि त्यास बाहेरून जोडावयाचे घटक यांच्यामध्ये संकेतांचा एक करार असतो. त्यात एखादी साहाय्यक सोय नव्याने घालणे वरकरणी किरकोळ वाटते. परंतु तिच्यावर इतरांचे लेखन एकदा उभे राहिले, की ती मागे घेणे दुष्कर होते. याचा प्रत्यय मराठीच्या संगणकीय लेखनात येतो.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मोहन तांबे प्रभृतींनी विकसित केलेले ‘जिस्ट’ तंत्र १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेत वाढीस लागले. जिस्टचे कार्ड बसविले, की मूळ कार्यप्रणालीस हात न लावता, इंग्रजीसाठी रचलेल्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी लिहिता येई. यामागील ‘इस्की’ संकेतावली १९९१ साली ‘आय. एस. १३१९४’ या क्रमांकाने भारतीय मानक ठरली. तिच्या २५६ स्थानांपैकी पहिली १२८ रोमन लिपीच्या प्रचलित संकेतांकडेच राहिली. उरलेल्यांत ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांतील समान वर्णांस समान संकेत मिळाले. जोडाक्षरांची आकृती ठरविणे हे नियमांचे काम झाले.

मराठीचा पेच येथेच उद्भवतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. पहिल्यात आद्य अक्षर गुरू होते, दुसऱ्यात ते लघूच राहते. र, हलन्त व य या क्रमातून मात्र रफारच निष्पन्न होतो. यासाठी नवा वर्ण निर्माण न करता, दक्षिणी भाषांसाठी ठेवलेल्या ‘ऱ’ या वर्णासच साहाय्यक कार्य देण्यात आले : त्यास हलन्त जोडला असता ‘दऱ्या’तील आडवा अर्धा र उमटावा. युनिकोडनेही हा नियम इस्कीस अनुसरून स्वीकारला.

तथापि युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे हीच आकृती साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही साधत असे. जुन्या लेखनाशी मेळ राहावा म्हणून तो मार्गही वैध राहिला. परिणामी डोळ्यांस एकच दिसणारा ‘दऱ्या’ हा शब्द यंत्राच्या दृष्टीने दोन भिन्न शब्द ठरू शकतो. एकाचा शोध घेतला असता दुसरा निसटतो. सबब कोशकाराने वा शब्दगणना करणाऱ्या अभ्यासकाने दोन्ही रूपे प्रथम एक करून घेणे अवश्य आहे. गाभा लहान राखण्याचा लाभ निर्विवाद होय. परंतु त्याचे मोल अखेर नियम पाळणाऱ्यासच द्यावे लागते.