सफर कुठे संपते? नौवहन महासंचालनालयाची वाटचाल

बॅलार्ड इस्टेटच्या जहाज भवनात होतं तेव्हा नौवहन महासंचालनालयाला गोदीचा शेजार होता. आता ते कांजूरमार्ग पूर्वेला आहे. घाटकोपर-मुलुंडच्या लोकलमधून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की देशाच्या व्यापारी जहाजांचा आणि खलाशांचा कारभार इथून चालतो.

वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजींच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली. पुढची कितीतरी वर्षं देशी जहाजांना ब्रिटिश कंपन्यांशी झुंजावं लागलं. स्वातंत्र्यानंतर, सप्टेंबर 1949 मध्ये, हे कार्यालय उभं राहिलं. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यानं त्याच्या हाती खरी ताकद दिली.

त्या कायद्यात सफरीची व्याख्या होती, तीही प्रवासी जहाजांच्या प्रकरणापुरती: निघण्याच्या बंदरापासून अखेरच्या बंदरापर्यंतचं सगळं अंतर. खलाशाची सफर मात्र बंदरात संपत नाही. करारनाम्यावर सही करून तो जहाजावर चढतो आणि घरी पोचतो तेव्हाच ती पुरी होते. त्याला परत आणण्याचा खर्च मालकाचा, हे याच कायद्यानं बांधून दिलं. कोकणातले जुने खलाशी ज्याला 'नळी' म्हणतात, त्या सीडीसी पुस्तिकेत प्रत्येक चढण्या-उतरण्याची नोंद होते. पुढची नोकरी तिच्यावर ठरते, म्हणून घराघरांत ती जिवापाड जपतात.

2015 मध्ये भारतानं सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. पगार, विश्रांती आणि घरवापसीचे हक्क आणखी पक्के झाले. खरी कसोटी 2020 मध्ये लागली. टाळेबंदीत खलाशांची अदलाबदल थांबली, करार संपलेली माणसं जहाजांवरच अडकली. एप्रिलच्या अखेरीस नियमावली आली आणि 'मरेला डिस्कव्हरी' या क्रूझ जहाजावरचे जवळपास दीडशे भारतीय मुंबईत उतरले. इतरांचे हाल मात्र पुढे कितीतरी महिने चालले.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं 1958 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. कायदा बदलला, तरी मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बोगस एजंटांची. खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेणं जुन्या कायद्यातही गुन्हाच होता, तरी पोरं कर्ज काढून पैसे भरतात. भरती करणाऱ्या कंपनीकडे महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना आहे का, हे बघायला काही मिनिटं पुरतात. गावोगावच्या शाळा-कॉलेजांत ही एवढी माहिती पोचवणं नव्या कायद्याइतकंच निकडीचं आहे.