टाकायासू रोहिणीशोथ : उपचार व व्यवस्थापन

महारोहिणी व तिच्या मोठ्या शाखांच्या भित्तींना दीर्घकाळ शोथ (दाहयुक्त सूज) येऊन त्या अरुंद होण्याचा हा दुर्मिळ विकार प्रामुख्याने ४० वर्षांखालील स्त्रियांत आढळतो. जपानी नेत्रवैद्य मिकिटो टाकायासू यांनी १९०८ मध्ये त्यातील डोळ्यांतील बदलांचे वर्णन केले. मनगटाची नाडी क्षीण होते किंवा लागत नाही. त्यामुळे दोन्ही हातांचा रक्तदाब मोजतात आणि दोन्हीकडील रोहिण्या अरुंद असल्यास मांडीवर पट्टा बांधून तो घेतात.

शोथ आटोक्यात आणण्यासाठी प्रथम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात व त्याची मात्रा हळूहळू उतरवतात. ते एकाएकी बंद केल्यास अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावलेले असल्याने जिवाला धोका संभवतो. जोडीला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच देतात. ते चुकून रोज घेतल्यास घातक ठरते व गर्भधारणेपूर्वी थांबवावे लागते. दाद न मिळाल्यास टोसिलिझुमॅबसारखी जैविक औषधे वापरतात. मात्र भारतात क्षयाचे प्रमाण मोठे असल्याने आधी सुप्त क्षयाची तपासणी करतात. फुग्याने रोहिणी रुंदावण्याची क्रिया शक्यतो शोथ शमल्यावरच करतात.

रोगाची सक्रियता मोजण्यासाठी भारतीय संधिवाततज्ज्ञांनी ‘आयटॅस २०१०’ ही गुणांकनपद्धती विकसित केली. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (घाटी, स्थापना १९५६) हे शासकीय उपचारांचे प्रमुख केंद्र आहे. रोग शमल्यानंतरही उलटण्याची शक्यता असल्याने रक्तदाब, रक्ततपासण्या व रोहिणीचित्रण यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालू ठेवावा लागतो.