फळ्यामागचे डबे

एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तेव्हा सवर्ण पोरं फळ्यामागचे आपले डबे उचलायला धावली, असं चरित्रकार लिहितात. गणित अवघड नव्हतं. फळ्यापर्यंतची वाट अवघड होती.

1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघालं. आज ते वाशीच्या पुलापलीकडे, मानखुर्दला आहे. 1980 नंतर तिथल्या व्ही. जी. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुलं निवडून त्यांना शिकवलं. मुलं शालान्त परीक्षेत पुढं आली. म्हणजे अडत होतं ते डोकं नव्हे. अडत होती पुस्तकी भाषा आणि शिकवायची रीत.

पुढं 2010 नंतर याच केंद्रातल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीत कामधंदा करणाऱ्या पोरांचं गणित अभ्यासलं. पैशाचा हिशेब, डझन, इंच, फूट पोरांच्या तोंडावर. शाळेच्या वहीत मात्र त्याला जागा नाही. मग अडाणी कोण, पोर की शाळा?

दोस्तहो, तुर्भ्याच्या वस्तीत अभ्यासिका चालवताना पाढ्याआधी पोराला विचारा, बाप रेतीचा ब्रास कसा मोजतो? 100 घनफुटांचा एक ब्रास. घनफळाचा धडा तिथनंच सुरू होतो.

ज्यांना डबे उचलायचेत त्यांनी उचलावेत. खडू आता खाली ठेवायचा नाही.