तारेंतील एक टिंब

यवतमाळचा कापूस मुंबईस जावयाचा, म्हणजे प्रथम बैलगाड्यांनीं २९ मैलांची सडक तुडवून धामणगांव स्टेशन गांठावयाचें. आगगाडी नागपूरपर्यंत १८६७ सालीं पोहोंचली. तरी १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखांतून माल बैलांच्याच चालीनें हाले. भाव मात्र तारेनें धांवत. १८५५ सालीं जनतेस खुल्या झालेल्या तारायंत्रानें व्यापारास वेग दिला, आणि त्याबरोबर एक नवें भयही दिलें.

त्या काळीं लांबची तार एका दमांत जात नसे. वाटेवरील ठाण्याचा तारमास्तर ती उतरून घेई व पुढें पाठवी. पावसाळ्यांत ओल्या खांबांतून वीज जमिनींत मुरे, खटका अस्पष्ट होई, आणि एका ठाण्याची चूक पुढील ठाणें इमानानें पुढें नेई. खर्च वांचविण्यासाठीं व्यापारी अख्ख्या वाक्यास एकच सांकेतिक शब्द योजीत. त्याचा अर्थ तारमास्तरास ठाऊक नसे. मग चूक त्याच्या ध्यानांत यावी कशी?

अमेरिकेंत १८८७ सालीं लोंकरीच्या एका व्यापाऱ्यानें आपल्या अडत्यास 'बी-ए-वाय' हा संकेत पाठविला. अर्थ होता, 'खरेदी केली आहे'. मोर्सच्या लिपींत 'ए' म्हणजे टिंब-रेघ. 'यू' म्हणजे टिंब-टिंब-रेघ. एक टिंब अधिक पडलें, 'बी-यू-वाय', म्हणजे 'खरेदी करा', असें उमटलें, आणि अडत्यानें लोंकर घेण्यास आरंभ केला. नुकसान २०,००० डॉलरांवर गेलें. १८९४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तारेच्या दामापलीकडे भरपाई नाकारली.

उपाय अखेर शब्दांच्या निवडींत सांपडला. विसाव्या शतकाच्या आरंभीं असे संकेतकोश निघाले, कीं त्यांतील कोणत्याही दोन शब्दांत निदान दोन अक्षरांचा भेद असावा. कोशांत 'कमल' असेल, तर 'कमळ' वा 'कमर' यांस तेथें थारा नाहीं. एक अक्षर बिघडलें, कीं निरर्थक शब्द उमटतो आणि घेणारा तार पुनः मागवितो. भेद तीन अक्षरांचा ठेवल्यास एका चुकीनंतरही मूळ शब्द ओळखतां येतो. या विचारास रिचर्ड हॅमिंग यांनीं १९५० सालीं गणिताचें रूप दिलें.

हीच विद्या वाटेवरील ठाण्यास लाभली, म्हणजे तें ऐकलेलें जसेंच्या तसें पुढें ढकलीत नाहीं. शब्द शुद्ध करून नव्यानें पाठवितें, आणि मागचा गोंगाट तेथेंच थांबतो. भारतांतील तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. परंतु आजचा भ्रमणध्वनी याच शिस्तीवर चालतो. कापसाचा भाव आतां शेतकऱ्याच्या हातांतील यंत्रावर उमटतो. तो आंकडा खरा असावा, यासाठीं असंख्य आंकड्यांच्या जुळण्या मुद्दाम वर्ज्य ठेवलेल्या असतात.