रोजची ॲसिडिटी: ऑपरेशन नेमकं कोणाला लागतं?

जळगावची भरीत पार्टी असो की धुळ्याची झणझणीत शेवभाजी, रात्री छातीत जळजळ झाली की सकाळी मेडिकलमधून गॅसची गोळी आणायची, ही अनेकांची सवय. पण गोळी थांबवली की त्रास परत, असं वर्षानुवर्षं चालत असेल, तर दोष फक्त तिखटाचा नसतो.

बिघडतं काय?
अन्ननलिका आणि जठर जिथे जुळतात, तिथे स्नायूंची झडप असते. ती सैल पडली किंवा जठराचा वरचा भाग छातीत सरकला (हायटस हर्निया), तर आम्ल वर येतं. या आजाराला 'जीईआरडी' म्हणतात. गोळी आम्ल कमी करते, झडप दुरुस्त करत नाही.

ऑपरेशनमध्ये काय करतात?
जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात. याला फंडोप्लिकेशन म्हणतात. सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी १९५५ मध्ये ते पहिल्यांदा केलं. १९९१ पासून ते दुर्बिणीतूनही होतं.

कोणासाठी?
हर्निया मोठा आहे, गोळी घेऊनही अन्न घशाशी येतं किंवा जन्मभर गोळी नको आहे, अशांसाठी. मात्र गोळीने ज्यांना फरक पडतो, त्यांनाच ऑपरेशनचा फायदा होण्याची शक्यता जास्त असते. गोळीचा काहीच उपयोग होत नसेल, तर आजार कदाचित वेगळाच असतो. म्हणून आधी एंडोस्कोपी, २४ तासांची पीएच तपासणी आणि अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री करतात. शेवटच्या दोन तपासण्या सगळीकडे होत नाहीत, आधी चौकशी करा.

नंतर काय?
काही आठवडे पातळ आणि मऊ आहार. काहींना घास अडकतो, पोट फुगतं, ढेकर येत नाही. काही वर्षांनी पुन्हा गोळी लागू शकते.

सुरुवात कुठून?
जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सर्जरी ओपीडीत दाखवता येतं. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे आरोग्यमित्राला विचारा.

हे अंगावर काढू नका
घास अडकणं, वजन घटणं, काळी शौच, रक्ताची उलटी. आणि छातीत दुखून घाम फुटला, तर गॅस समजून थांबू नका. १०८ ला फोन करा.