विंडोज ९५ आणि रॅमच्या चार पट्ट्या

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विक्रीस आलेल्या विंडोज ९५ या कार्यप्रणालीने, म्हणजे संगणकाच्या सर्व भागांचा कारभार पाहणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरने, जुन्या डेस्कटॉप संगणकांपुढे मुख्यतः रॅमचा, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीचा, प्रश्न उभा केला. ३८६डीएक्स प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम ही किमान अट असली, तरी शिफारस ८ एमबीची होती. कारण रॅम अपुरी पडली की ही प्रणाली हार्ड डिस्कचा काही भाग स्मृती म्हणून वापरते आणि डिस्क कितीतरी मंद असल्याने सारे काम रेंगाळते. ३८६डीएक्स एका वेळी ३२ बिट वाचत असे, तर ३० पिनांच्या रॅमपट्टीतून ८ बिटच मिळत. त्यामुळे पट्ट्या चारच्या संचाने बसवाव्या लागत आणि आठ खाचांच्या मदरबोर्डावर १ एमबीच्या आणखी चार पट्ट्या घातल्या की शिफारस पुरी होई. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने मात्र सांकेतिक किल्ल्या जपणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक ठरवली, तेव्हा पुरेशी रॅम असलेले अनेक संगणकही अधिकृत पात्रतेबाहेर राहिले.